गुरूची वीस जनुकं

विद्यापीठातल्या आमच्या विभागात लिफ्टमध्ये आधी कुणी शिरायचं तेसुद्धा वयावर ठरतं. तिथे सो ह्ये-रिम बाईंना गुरूचीच चूक सापडली. त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून मी पुढचं सगळं पाहिलं, आणि अजून माझं डोकं तापतं.

बाईंचा विषय मोठा चमत्कारिक. माणसं ऐंशी आणि प्रत्येकाच्या जनुकांची मापं वीस हजार. एवढ्या ढिगात हात घातला की काही ना काही हाती लागतंच. ते खरं की नुसता योगायोग, हे बाई तपासायच्या. ही विद्या त्यांना बांगसरांनी दिलेली. त्याच सरांनी स्वादुपिंडाचा कर्करोग आधीच ओळखणारी वीस जनुकं शोधली. त्यावरून तेगू शहरातल्या एका इस्पितळात रक्ताची चाचणी सुरू झाली, सर टीव्हीवर झळकले.

नोव्हेंबरात बाईंनी आजारी कोण, निरोगी कोण, या चिठ्ठ्या संगणकावर पत्त्यांसारख्या पिसल्या आणि सरांचीच रीत पुन्हा चालवली. काहीच मिळायला नको होतं. पण वीस जनुकं मिळाली, तितकीच झकास. सरांनी ज्या रुग्णांवरून जनुकं निवडली, त्यांच्यावरच ती पारखली होती. म्हणजे पेपर आधी वाटून परीक्षा घेतली.

विभागाच्या जेवणावळीत सरांनी बाईंच्या पेल्यात सोजू ही दारू ओतली. बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला, वडीलधाऱ्यांसमोर पितात तसं तोंड वळवून प्यायल्या आणि हळूच सगळं सांगितलं.

"फेब्रुवारीत निवृत्त होतोय गं मी. तेवढं होऊ दे, मग घाल काय तो गोंधळ."

"तोवर लोक चाचणी करतील, सर."

"करू देत. रक्त काढल्यानं कोण मरतं?"

बाई मूग गिळून बसल्या. गुरूला निवृत्तीआधी उघडं पाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. निरोपसमारंभात सरांनी त्यांना आपली वारस म्हटलं, बाई कमरेत वाकल्या. मार्चमध्ये त्यांनी लेख छापला. चाचणी बंद पडली. विभागात मात्र सगळे म्हणाले, गुरूवर उलटली.

आमच्या कचेरीतल्या सुन-ओकनं जानेवारीत ती चाचणी केली होती. निकाल चांगला आला म्हणून तिनं पोटदुखी अंगावर काढली. शरदात ती त्याच कर्करोगानं गेली.

अंत्यविधीच्या दालनात बांगसरांचं पुष्पचक्र सगळ्यांत पुढे होतं. सुन-ओकच्या नवऱ्यानं बाईंपुढे अंत्यविधीला येणाऱ्या प्रत्येकाला देतात तो लाल मांसरश्शाचा वाडगा ठेवला आणि समोर बसला.

"बाई, तो लेख तुमचाच ना? तुम्हाला कधी कळलं होतं?"

"नोव्हेंबरात."

मग त्यानं वाडगा त्यांच्याकडे सरकवला.

"जेवून जा," तो म्हणाला. "तिला तुम्ही फार आवडायचात."