मोरीच्या पलीकडची

“दांडीला हात लावू नकोस, गुड्डी! नऊशे माणसांनी धरलीय ती! थुंकी लावून धरलीय!”

भर दुपारी देवासच्या बसस्टँडवर आई खालून ओरडत होती. मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पुऱ्यांचा डबा घेऊन, दांडी न धरता, सर्कशीतल्यासारखी पुण्याच्या बसमध्ये चढत होते. कंडक्टरला दया आली. “पकड़ लो नी बेन, गिर जाओगी.” आईने खालूनच त्याला निकाल दिला, “गिरेगी तो नहला लेंगे, भिया. तुम बस चलाओ.” शेजारी आमचे वडील, म्हणजे दादा, उभे होते. ते रडत होते की हसत होते ते कळलं नाही, कारण बसच्या धुरापायी आईने त्यांना नाकातोंडाला रुमाल बांधायला लावला होता.

देवासात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं तिथून सुटलेल्यांनो, तुमच्या आयांनी निघताना हातावर दही घातलं असेल. आमच्या आईने आधी सॅनिटायझर ओतलं. दही नंतर, चमच्याने, लांबून.

आई मूळची धारची. “आमच्या धारला असं नव्हतं,” हे तिचं पालुपद. तिच्या सांगण्यावरून धारला कुत्रीसुद्धा पाय धुऊन घरात येत असावीत. देवासात नळ एक दिवसाआड, त्यातलं निम्मं पाणी आईच्या मनगटांवरून वाहत जातं. ती कोथिंबीर सात पाण्यांतून काढते. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. एकदा मी तिला साबण धुताना पाहिलंय. साबणाने नव्हे, साबणाला. दुकानदाराचा हात लागला होता ना.

आमच्या घरात जगातल्या यच्चयावत वस्तूंच्या दोनच जाती होत्या, मोरीच्या अलीकडच्या आणि मोरीच्या पलीकडच्या. खराटा, संडासाची बादली, दादांचे बूट, पलीकडचे. एखादी अलीकडची वस्तू चुकून पलीकडे गेली की गेली. माझी निळी बाटली एकदा तिकडे घरंगळली, तर बिचारी आजतागायत फिनेलची बाटली म्हणून जन्मठेप भोगतेय.

आणि एक गोष्ट आई फार अभिमानाने सांगायची. माझ्या वेळी ती बाळंतपणाला धारला गेली, तेव्हा तिच्या आईने दहा दिवस काटेकोर सोयर पाळलं. आई आणि मी कोपऱ्यातल्या खोलीत, आणि आजी ताट उंबऱ्यावरून सरकवायची. “दहा दिवसांत एकदा आत पाऊल टाकलं नाही तिनं. शिवली नाही मला. अशी शिस्त होती!” हे सांगताना आई नेहमी काहीतरी पुसत असायची. बहुधा ओटा.

तर अशा घरातून मी निघाले, आणि बस मानपूरच्या घाटात पोचायच्या आत मी ती दांडी धरली. दोन्ही हातांनी. मग त्याच हातांनी पुऱ्या खाल्ल्या. पुण्यात मी चार वर्षं मन लावून घाण झाले. पीजीत सहा जणींत एक बाथरूम, एक मग आणि एकीचाच टॉवेल कोरडा. ऑफिसात दुसऱ्याच्या डब्यात चमचा घालायला शिकले. फोनवर आई विचारायची, “भाजी धुतलीस?” मी म्हणायची, “हो, धुतली.” हातात पाणीपुरी असायची. पुणेकरांना मात्र माझ्या हातांपेक्षा माझ्या तोंडाची किळस. मी “पाऊस येऊन राहिलाय” म्हटलं की मीटिंगमध्ये शिसारी पसरायची. त्यांच्यातल्याच एकाशी, निखिलशी, लग्न केलं. सासूबाईंनी माझ्या पोह्यांवरची शेव बघून “ई” केलं ते अजून पुरतं संपलेलं नाही.

मग दिवस गेले, आणि एका सकाळी आईचं नाक माझ्या चेहऱ्यावर उगवलं. अख्खं पुणं वासू लागलं. लिफ्टला ओल्या मोज्यांचा वास, निखिलला निखिलचा वास. शेजाऱ्यांनी परवा काय खाल्लं ते मला भिंतीतून कळायचं. चार वर्षांची कमावलेली घाण एका आठवड्यात धुऊन निघाली.

त्यात तो गर्भसंस्काराचा क्लास. गाद्यांवर बारा बायका आणि बारा नवरे. शिकवणाऱ्या मॅडमनी एका शनिवारी, प्रसाद वाटावा तशा प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं, “आणि कळा देताना टेबलवरच संडास झाली, तर लाजायचं नाही हं! खूप जणींना होते.” निखिलने ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

त्या दिवसापासून मला दुसरी भीती उरली नाही. कळा? येऊ देत. टाके? घाला. मरण? बघू. पण ते नको. आणि झालंच तर पुण्यात होऊ दे, अनोळखी नर्ससमोर. तिला मी पुन्हा कुठे दिसणार? पण आईचा फोन आला, “पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्या धारला एक जण सासरी बाळंत झाली, तिला अजून नावं ठेवतात.” मी रजेचं कारण सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, रेल्वेचं सांगितलं. खरं कारण कसं सांगणार? की आई, तुझ्यासमोर माझ्याकडून ते झालं, तर तू काही बोलणार नाहीस, पण तुझं नाक विसरणार नाही. माझा कप वेगळा होईल. मी जन्मभर मोरीच्या पलीकडची होईन, त्या निळ्या बाटलीसारखी.

आठव्या महिन्यात देवासला पोचले. चार वर्षं ज्या घराच्या आठवणीने उशी भिजवली, त्या घराने पहिल्याच श्वासाला उमासा आणला. फिनेल, कापूर आणि तूप कढवल्याचा वास, तिन्ही एकदम. मी दारातल्या तुळशीत ओकले. आईने तुळस धुतली.

मग मी योजना आखली. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार? नववा सरत आल्यावर मी ताकावर आले. आई वाढायची ते सगळं मागच्या खिडकीतून शेजारच्या गायीला. गाय इतकी टरारली की गल्लीतल्या बायका तिच्या डोहाळजेवणाची चौकशी करू लागल्या. मी मात्र आतून घासलेल्या पितळेच्या तांब्यासारखी लख्ख होते.

कळा सुरू झाल्या त्या नेमक्या रंगपंचमीच्या सकाळी. बाहेर पिचकाऱ्या, ढोल, सगळं देवास हिरवं-गुलाबी. दादा घाबरले, आणि घाबरलेला माळव्याचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. चौकात जाऊन गरम पोहे आणि जिलबी घेऊन आले. “खाऊन घे पोरी, ताकद येईल.” वर शेव, वर जिरावणाचा मसाला, वर लिंबू. आता मी खोटं कशाला बोलू? साताठ दिवस ताकावर होते. पहिली प्लेट मी खाल्ली. दुसरी दादांची होती, तीही खाल्ली. जिलब्या किती ते विचारू नका. पिशवीतला पाक बोटाने चाटत मी रिक्षात बसले आणि पहिल्याच खड्ड्याला लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

नर्सिंग होम चांगलं असेलही, पण त्या दिवशी मी सगळं आईच्या नाकाने बघत होते. रेक्झिनच्या टेबलला माझ्या आधीच्या सगळ्या बायकांचा वास होता. भिंतीवर एक डाग होता, त्याच्याकडे बघून मी चार तास श्वास घेतला. तो आयोडीनचा की पानाचा, हे कोडं अजून सुटलेलं नाही. सिस्टरचा एक कान पोपटी होता. मला घाम, लाळ, पाणी, रक्त, जिथून जे वाहू शकतं ते वाहत होतं. एवढा चिकट ऐवज एका माणसात मावतो हे कुठल्याच क्लासात सांगत नाहीत. लोक त्याला निर्मितीचा क्षण म्हणतात. मला तर तुंबलेली मोरी उपसल्यासारखं वाटत होतं, आणि मोरी मीच.

एका बाईमाणसाला आत यायला परवानगी होती. आई आली. उकळून वाळवलेली चादर घेऊन आली आणि मला हलवून ती खाली पसरली. मी तिला म्हणाले, “आई, तू बाहेर बस.” ती म्हणाली, “का?” तेवढ्यात कळ आली. का ते सांगायचं राहिलं.

“जोर लगा बई!” सिस्टर ओरडली. “इतने पोहे खाए, ताकत कहाँ गई?”

ताकद कुठे गेली ते पुढच्याच कळेला कळलं. सगळ्यांनाच कळलं. आधी वासाने. लिंबाचाही वास होता त्यात, शपथ. त्या चादरीवर, धारच्या शिस्तीने सात पाण्यांतून काढलेल्या चादरीवर, दोन प्लेट पोह्यांचा हिशेब मांडला गेला, आणि मी, एवढी मोठी, पुण्यात टीम सांभाळणारी बाई, बाळासाठी नाही, कळेसाठी नाही, त्यासाठी भोकाड पसरून रडले.

सिस्टरने दाराकडे बघून हाक मारली, मग कपाळाला हात लावला. “सफाईवाली आज छुट्टी पे. रंगपंचमी है.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचं नाक आक्रसलं. मी ते स्पष्ट पाहिलं. नाकपुड्या मिटल्या, ओठ आत गेले, गळ्यात काहीतरी वर आलं आणि तिने ते गिळलं. मग तिने पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, आणि खाली वाकली. ग्लोव्हज कोणी दिले नाहीत, तिने मागितले नाहीत. मी डोळे मिटून घेतले. बादलीचा आवाज, फडक्याचा आवाज. चादर पिळल्याचा आवाज.

“डोळे काय मिटतेस? ढकल खाली,” आई म्हणाली आणि तिने माझा हात धरला. कुठल्या हाताने ते मी विचारलं नाही.

मुलगी झाली. म्हणे या क्षणी आया रडतात. माझ्या छातीवर चक्क्यात बुडवून काढलेलं, रक्ताचं, जांभळं, ओलं काहीतरी ठेवलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “धुऊन आणा हिला.” मागून वार पडली, ती मी पाहिली, तेव्हापासून घरात कलेजी शिजत नाही. मग मुलीने पहिली शी केली. ते काळंकुळकुळीत डांबर होतं, देवास-भोपाळ रस्त्याचे सगळे खड्डे बुजतील एवढं.

पुढचे दिवस तर सांगूच नयेत. पाझरणं, गळणं, दिवसरात्र आंबट दुधात भिजलेली मी, शेक-शेगडीचा धूर, आणि तंबाखूच्या बोटांनी बाळाला चोळणारी मालिशवाली. शहाण्या बायका याला सुखाचे दिवस म्हणतात. म्हणोत.

सातव्या की आठव्या दिवशी धारहून मामीचा फोन आला. आई माझ्याच पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, नात मांडीवर. फोन स्पीकरवर. “वन्सं, सोयर नीट पाळताय ना? शिवत नाही ना?” नेमकी तेव्हाच नातीने मांडीवर धार धरली. आईचं पातळ भिजत गेलं, गुडघ्यापर्यंत. ती हलली नाही.

“हो, पाळतेय की,” आई म्हणाली. अगदी त्याच आवाजात, ज्यात मी पाणीपुरी खाताना “हो, धुतली” म्हणायची.

आता पुन्हा पुण्यात आहे. मुलगी चार महिन्यांची झाली, दिवसाला नऊ लंगोट करते. मला अजून किळस येते, रोज, नऊ वेळा. सुरुवातीला वाटायचं, आपल्यात काही कमी आहे. खऱ्या आईला किळस येत नसणार. लोक विचारतात, घराची आठवण येते का? येते. पोह्यांची येते, जिलबीचं तर नाव काढू नका. पण घर म्हटलं की मला देवासची देवीची टेकरी दिसत नाही, आमचं दार दिसत नाही. मला ते आक्रसलेलं नाक दिसतं, आणि त्याच्या खाली खोचलेला पदर.

निघायच्या आदल्या दिवशी आई मोरीत बसून माझा कप धूत होती. तोच, सगळ्यांच्या कपांबरोबर. मी मागे उभी राहून विचारलं, “आई, त्या दिवशी तुला किळस नाही आली?”

“आली की,” ती म्हणाली. “हात धुतले.”