वाळूवरच्या फळ्या

"भीती वाटते हे आधी मोठ्यानं बोल, मेल्या. मग पाय हलव," असं म्हणून मिस्त्री मानेवर चापट मारायचा. चारचौघांत. तुम्हालाही असा एखादा भेटला असेल, ज्याचं तोंड पाहिलं की दिवस नासतो. मला हा भेटला.

साठ सालच्या आसपास आम्ही कतारला उम्म सईदच्या तेलबंदरावर होतो. तो रत्नागिरीकडचा सुतार, मीही तिकडचाच. माझं काम उंच टाक्यांवर चढून तेल मोजायचं. एकदा जिन्यावरून पाय निसटला आणि मी धसका घेतला. अर्ध्यावर गेलो की कठडा धरून तिथंच बसायचो. साहेबानं बजावलं, महिन्याभरात चढला नाहीस तर परतीच्या बोटीत बसवीन. आणि गावी सहा तोंडं माझ्यावर.

हे मिस्त्रीला कळलं आणि माझा छळ सुरू झाला. साहेबलोक शुक्रवारी पायांना फळ्या बांधून वाळूच्या टेकड्यांवरून घसरायचे. त्या फळ्या मिस्त्रीच करायचा, मशिनांच्या खोक्यांचं लाकूड तासून, खाली मेणबत्ती घासून. जुम्याची नमाज झाली की तो मला तिथं ओढून न्यायचा.

"पायांकडं काय बघतोस? थांबायचंय तिथं बघ. श्वास कोंडलायस, सोड." मी पडलो की हसायचा. "बायकोला लिही, नवरा वाळू खातो."

चौथ्या शुक्रवारी मी न पडता खाली आलो. त्याच आठवड्यात श्वास सोडत सोडत टाकीही चढलो. नोकरी वाचली, पण त्याच्यावरचा राग काही गेला नाही.

तो स्वतः कधीच घसरत नाही, हे मी हेरून ठेवलं होतं. पुढच्या शुक्रवारी टेकडीवर साहेबांसमोर म्हटलं, "आज मिस्त्री दाखवतील." फळ्या करणाऱ्याला घसरता येणारच, असं साहेबांनी धरलं आणि टाळ्या वाजवल्या. त्याला नाही म्हणता येईना. फळ्या बांधून तो कडेला उभा राहिला. ओठ हलत होते, पण 'भीती वाटते' हे मोठ्यानं निघेना. बराच वेळ झाला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

न घसरताच त्यानं पायांच्या फळ्या सोडल्या. पुढची पाळी माझी होती. तो माझ्यापुढं वाकला, माझ्या पायाचा पट्टा ओढून पाहिला.

"सैल आहे. पडशील," म्हणाला आणि घट्ट करून दिला.

मग फळ्या खांद्यावर टाकून टेकडी चालत उतरला. महिन्याभरानं तो रजेवर गावी गेला, तो परत आलाच नाही.