बाबा मागून येऊन राह्यले

हा मूर्खपणा मी कुणालाच सांगणार नव्हतो. पण आमच्या ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या कॉलनीत, तो कंपनीच्या बसमध्येसुद्धा रंगवून सांगून झालाय. मग तुम्ही तरी माझ्याच तोंडून ऐका!

माझे बाबा जंगल खात्यात गार्ड होते. मुलचेऱ्याकडच्या रानात सारी नोकरी पायी काढली. झाडाच्या सालीवरून झाड ओळखणारा माणूस! पण म्हातारपणी विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग नातीचं नाव. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. एक दिवस ते घराबाहेर पडले ते थेट कोळशाच्या गाडीच्या रुळापाशी सापडले. आमच्या क्वार्टरांच्या मागे झुडपी जंगल, त्यात बिबट फिरतो. जीव थाऱ्यावर राहील का?

म्हणून मी त्यांच्यासाठी घड्याळ आणलं. साधंसुधं नाही, आत सिमकार्ड! बाबा कुठे आहेत ते माझ्या मोबाईलवर ठिपक्यानं दिसणार. फोन लावला की घड्याळ तो आपोआप उचलणार. आठवडाभर मी प्लांटमध्ये अशी फुशारकी मारली, जणू वरचा उपग्रह मीच सोडला होता.

माझी बायको वर्षा एवढंच म्हणाली, "आजूबाजूच्याईलेबी सांगून ठेवा ना, बाबाईले विसर पडते म्हणून."

"काऊन सांगायचं? मशीन आहे ना!"

खरं सांगू? मला लाज वाटत होती.

आणि मग एका सकाळी ड्यूटीवर असताना वर्षाचा फोन. "बाबा घरी नाईत!"

"घाबरू नको. आता पाह्य मशीनची कमाल."

मोबाईल उघडला. ठिपका आमच्याच प्लांटमध्ये! बाबा मला भेटायला आले? साहेबांना सांगून, सोबतच्या मेश्राम भाऊंना बाईकवर मागे बसवून गेटवर आलो. वॉचमन म्हणाला, कोणीच आलं नाई. मग बाहेरच्या रोडवर निघालो. मोबाईल मेश्राम भाऊंच्या हातात.

"भाऊ, बाबा आता गेटवर दिसून राह्यले!"

गाडी वळवली. गेटवर कुणी नाही.

"आता रोडवर गेले!"

परत वळवली. जिथून मी निघालो, तिथं दोन मिनिटांनी बाबा हजर!

"भाऊ, बाबा आपल्या मागून येऊन राह्यले!"

"पायी?"

"स्पीड तं चाळीसचा दाखवते."

इथं तरी अक्कल यायला हवी होती की नाही? नाही आली! मला वाटलं, बाबांना कुणी गाडीवर घालून नेतंय. मी गाडी दामटली. ठिपक्यानंही दामटली.

शेवटी कडेला थांबून घड्याळाला फोन लावला. जवळच कुठेतरी टुणटुण वाजलं.

"भाऊ," मेश्राम भाऊ हळूच म्हणाले, "तुमचा खिसा वाजून राह्यला."

"बाबा! कुठी आहात तुम्ही?" मी मोबाईलमध्ये ओरडलो.

"बाबा! कुठी आहात तुम्ही?" माझा शर्ट ओरडला.

सकाळी बाबांना आंघोळ घालताना भिजू नये म्हणून मीच ते घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. आणि विसरलो होतो!

मेश्राम भाऊ पोट धरून हसले. तासभर मी मलाच शोधत होतो. मग बाबा कुठे? मला क्वार्टरांमागचं झुडपी जंगल आठवलं, त्यातला बिबट आठवला. मी गाडीला किक मारली.

तेवढ्यात वर्षाचा फोन आला. सापडले!

घरी पोचलो तर बाबा खाटेवर, शेजारी मागच्या लाइनीतल्या निर्मलाबाई.

"क्वार्टर तं सारे सारखेच," त्या सांगत होत्या. "आपलंच घर समजून माह्याकडे येऊन बसले. मी चहा देल्ला. सागाचं बी कसं लावाव, थे सांगत होते. मंग म्हणे, घरी नेऊन दे. कोणाचे बाबा होय, मले काय मालूम? किती दारं ठोकली! आधी सांगतलं असतं तं लगेच आणून देल्ले असते ना."

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. तेच जास्त लागलं.

मी घामानं निथळत उभा. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते.

"एवढा घाबरला काऊन? कोण हरवलं होतं?"

काय सांगणार? म्हटलं, "मीच."

त्यांनी सरकून खाटेवर जागा केली, मला बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मग निर्मलाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "याच्या घरच्याईले कळवा, बाई. बिचारे शोधत असतील."