साक्षीदाराची सही

बहारीनमध्ये, अस्करच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन इंजिनिअर बसतो. माणूस भला आहे. तरीही ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी त्याने माझ्यापुढे एक लिफाफा सरकवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांच्याकडची निवडणूक अजून आठ-दहा दिवस लांब होती. त्याच्या काउंटीने, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, त्याला मतपत्रिका थेट बहारीनला पाठवली होती. ती त्याने एका साक्षीदारासमोर भरायची, पण साक्षीदाराला दिसू द्यायची नाही, मग लिफाफ्यात घालून वर दोघांनी सह्या करायच्या. परदेशात असाल तर साक्षीदार कुठल्याही देशाचा चालतो म्हणे. त्याच्या म्हाताऱ्या आईचं मतदान तर उरकलंही होतं. तिकडे मुख्य दिवसाच्या आधी बरेच दिवस मतदान चालू असतं. ती भाजी आणायला निघाली, वाटेत मत देऊन आली.

"टू मिनिट्स, ब्रदर," तो म्हणाला.

"नॉट टुडे," मी म्हणालो आणि हेल्मेट उचलून प्लांटमध्ये निघून गेलो. दिवसभर तिकडेच फिरत राहिलो. त्या दिवशी दोन फोरमन विनाकारण माझ्या शिव्या खाऊन गेले.

अठरा वर्षं मी इथे आहे. माझं नाव परदेशस्थ मतदार म्हणून कराडच्या यादीत आहे, पण मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन त्याच शाळेतल्या त्याच खोलीत जाऊन उभं राहायचं. रजा कधी जुळली नाही. त्याचा राग जुनाच होता, अंगवळणी पडलेला. हा राग तो नव्हता. हा आईच्या मताचा होता.

आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय शहाऐंशी. नोकरीत असताना कितीतरी निवडणुकांना तिने केंद्रावर बसून लोकांच्या बोटांना शाई लावली, आणि स्वतःचं मत कधी चुकवलं नाही. त्याच वर्षी, मे महिन्यातल्या लोकसभेच्या वेळी तिच्या वयाच्या लोकांना घरी बसून मत द्यायची सोय होती. मतदार यादीचं काम बघणारी अंगणवाडीताई फॉर्म घेऊन आली, आईने सही केली. मतदानाच्या दिवसाआधी मत घ्यायला पथक घरी येईल, येण्याआधी फोन करेल, फोन चालू ठेवा, असं ताईने सांगितलं होतं.

त्यानंतर आई आमच्याकडे आली. लेकीची बारावी झाली होती, ऑगस्टात ती शिकायला लांब जाणार होती. त्याआधी आजी-नातीने थोडे दिवस एकत्र काढावेत म्हणून मीच हट्ट केला. परतीचं तिकीट मतदानाच्या दोन दिवस आधीचं काढलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

पथक त्याच्याही आधी येऊन गेलं. एकदा नाही, दोनदा. दाराला कुलूप.

मतदानाच्या दिवशी आई वॉकर घेऊन, शेजाऱ्यांच्या रिक्षातून शाळेत गेली. तिथल्या कर्मचाऱ्याने यादी बघितली. "आजी, तुमच्या नावापुढे घरच्या मतदानाची खूण आहे. इथे देता येणार नाही."

"घरी झालं नाही म्हणून तर आले की."

"नियम आहे, आजी."

ज्या खोलीत तिने पहिलीचे वर्ग घेतले त्याच खोलीतून तिला परत पाठवलं. बाहेर अंगणवाडीताई दिसली. शेजाऱ्यांनी मला नंतर सगळं सांगितलं. ताई म्हणत होती, "पथकानं माझ्यासमोर दोनदा फोन लावला हो बाई, बंद लागत होता." आणि आई सगळ्या रांगेसमोर तिला म्हणाली, "माझा फोन चोवीस तास माझ्याजवळ असतो. एकदासुद्धा वाजला नाही. खोटं बोलतेस तू."

ताई रडली म्हणे. मला त्याचं काही वाटलं नाही. मी इथल्या, माहूजच्या घरातून तिला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. कामचुकार म्हणालो. वर तक्रार करीन, घरी बसाल, म्हणालो. लेक मागे उभी राहून विचारत होती, "बाबा, व्हाय कान्ट आजी जस्ट डू इट ऑनलाइन?" मी तिच्यावरही ओरडलो.

ताईने माझं बोलणं संपल्यावर फोन ठेवला. थोड्या वेळाने तिने पथकातल्या माणसाच्या फोनचा फोटो पाठवला. आईच्या नंबरवर दोन वेगवेगळ्या दिवशी लावलेले दोन कॉल, वेळेसकट. पहिला शुक्रवारचा, दुपारचा. त्या शुक्रवारी त्या वेळी आम्ही सगळे टेबलाभोवती जेवत होतो. आईचा फोन तिच्या ताटाशेजारीच होता.

फोन तिथेच होता, पण त्यातलं सिमकार्ड कराडचं नव्हतं. आई उतरली त्या दिवशीच मी ते काढून इथलं घातलं होतं. इथे येणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या फोनचं आम्ही हेच करतो, चपला काढाव्यात इतक्या सवयीने. जुनं कार्ड माझ्या पाकिटात होतं. परतीच्या दिवशी विमानतळावर मी ते पुन्हा घालून दिलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी फोन म्हणजे ते बटणांचं यंत्र. यंत्र जवळ आहे म्हणजे फोन चालू आहे.

मी तो फोटो पाहिला आणि ताईला काही कळवलं नाही. आईलाही नाही. मे गेला, लेक शिकायला गेली, सप्टेंबरात न्हाणीघरात पडून आईच्या मांडीचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. फोनवर विषय निघाला की ती म्हणायची, "त्या खोटारड्या पोरीमुळं माझं मत गेलं." मी म्हणायचो, "जाऊ दे, आई." कसलं जाऊ दे! तिला वाटायचं मुलगा समजूत घालतोय. मी स्वतःला वाचवत होतो.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन पुन्हा लिफाफा घेऊन आला. दुपारी कुरिअर निघणार होतं. मी खुर्ची ओढून बसलो. त्याने माझ्याकडे पाठ करून मतपत्रिका भरली, घडी घातली, लिफाफा चिकटवला. मी सही करायच्या आधी खालची बारीक अक्षरं वाचली. वर लिहिलेलं खरं आहे, खोटं निघालं तर शिक्षेला पात्र राहीन. सही केली.

"खलास?" त्याने विचारलं. एवढी अरबी त्यालाही येते.

"खलास," मी म्हणालो, आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन आईला फोन लावला. स्वतःचीच चीड आली होती. कार्डाचं सगळं सांगितलं. शुक्रवारचं जेवण, पाकीट, विमानतळ.



"ती परवा आली होती," आई म्हणाली. "आता विधानसभा आहे ना, तिचा तसलाच फॉर्म घेऊन. कामाच्या बाईला मी दार उघडू दिलं नाही. दारातून दोनदा हाक मारली तिनं, बाई, बाई म्हणून. माझीच विद्यार्थिनी ती. पहिलीला होती."

"आई, माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग. आत्ता सांग."

ताईने फोन उचलला तेव्हा मागे पोरांचा गलका होता. मी ओळख सांगितली तसा तिचा आवाज सावध झाला. मी थांबलो नाही. चूक माझी होती, तुम्ही खरं बोलत होता, तुमच्यावर ओरडलो त्याची माफी मागतो, हे सगळं एका दमात म्हणालो.

"बरं झालं सांगितलंत सर," ती म्हणाली. "बाईंना पण सांगा. माझ्याशी बोलत नाहीत त्या."

"सांगितलं. आई दार उघडेल आता. तुम्ही तेवढा तो फॉर्म घेऊन जाल का? आजच? तिला उठता येत नाही, केंद्रावर नेता येणार नाही."

मागचा गलका थोडा कमी झाला. ती बहुतेक बाहेर आली असावी.

"मुदत काल संपली, सर," ती म्हणाली. "कालसुद्धा संध्याकाळपर्यंत थांबले होते मी. म्हटलं, बाई बोलावतील."

काल अख्खा दिवस मी प्लांटमध्ये रागाने फेऱ्या मारत होतो.