लोखंडी दारं

नदीकाठच्या त्या गल्लीत प्रत्येक इमारतीवर सरकारी माणसांनी लाल फुली मारलेली. फुली म्हणजे इमारत धोक्याची, पाडायची. चार वर्षांत एकही पाडली नाही, तेव्हा फुलीला कोण भीक घालतो? उलट नैरोबीत पोटासाठी आलेला माणूस आधी फुलीच शोधतो. तिथे भाडं कमी.

केरुबो, गल्लीसाठी बोसिबोरीची आई, अशाच एका सातमजलीची राखणदारीण. खोल्या भरायच्या, जिने झाडायचे, पाण्याच्या नळावरची भांडणं सोडवायची. त्याबदल्यात जिन्याखालची खोली तिची. खांब पाच मजल्यांचे आणि वर मजले सात, हे तिला ठाऊक होतं. साऱ्या गल्लीलाच ठाऊक होतं म्हणा.

जूनमध्ये तळमजल्याची दारं अडकू लागली. मालक फोनवर म्हणाला, "वेल्डरला बोलाव, घासून घे." ओयुगी येऊन कडा घासून गेला. आठवड्याने पहिला मजला अडकला, मग दुसरा. तिसऱ्या खेपेला ओयुगीने यंत्र बंद केलं.

"मावशी, मी आता यायचा नाही."

"का रे बाबा, काय बिनसलं?"

"लाकडाचं दार फुगतं. लोखंडाचं फुगलेलं ऐकलंयस कधी? दार आहे तिथंच आहे. चौकट खाली येतेय."

 केरुबोने दारोदार जाऊन इमारत खचतेय म्हणून सांगितलं. मंडई गाठायच्या घाईत असलेली भाजीवाली फिस्कन हसली. "मग निजायचं कुठं? तुझ्या डोक्यावर?" मालकाला कळताच त्याचा फोन आला. रिकामी खोली आज भरली नाही, तर जिन्याखालची खोली खाली कर.

दुपारी नाफुला आली. पाठीला बाळ, हातगाडीवर गादी आणि शेगडी.

"बोसिबोरीच्या आई, खोली आहे म्हणे?"

केरुबोने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"काल आमची पत्र्याची खोली पाडली हो. लेकरू रात्रभर उघड्यावर होतं, अंगात ताप आहे."

केरुबोने किल्ली काढली. आपल्याला दया आली की आपली खोली वाचवली, हे तिचं तिलाच कळेना. स्वतःची लाज मात्र वाटली.

"दुसरा मजला. एक ऐक पोरी, आतून कडी लावू नकोस."

"अन् चोर आला तर?"

"येऊ दे. बाळाला दाराशी घेऊन नीज."

"काहीतरीच तुमचं!" म्हणत नाफुला जिना चढली.

केरुबो खाली कान देऊन उभी राहिली. वर दार ढकलल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग खांद्याने. शेवटी ते बसलं, आणि कडी खणकन सरकली.