देवी आल्या, तेल बंद

माझं लग्न ठरलं तेव्हा पोखर्णीजवळच्या आमच्या गावावर निजामाचं राज्य होतं आणि घरावर आईचं. हळदीचा दिवस जवळ आला आणि माझ्या कमरेला लाल फोड उठले. खाजवलेला हात तोंडाला लागला, तसं कपाळही सुजलं. आईनं पाहिलं आणि हातच जोडले. "देवी आल्या."

देवी आल्या की घरात तेल बंद, फोडणी बंद. दाराला निंबाचा डहाळा लागला. आई निंबाच्या पाण्यानं माझं अंग पुसायची आणि परटाकडून आलेलं एकच धुवट लुगडं पुन्हा पुन्हा नेसवायची. फोड वाढतच चालले. बिनफोडणीचं वरण खाऊन सगळं घर माझ्यावर वैतागलं होतं. मला मात्र एकच धास्ती होती. तोंडावर वण राहिले तर लग्न मोडणार.

निरोप गेला, तशी होणारी सासू कुणाचंही न ऐकता बैलगाडीत बसून आली. तिचं माहेर जिंतूरकडच्या डोंगरातलं. तिथं बायका बिबे फोडून लाडवांसाठी आतली गोडंबी काढतात. तिनं आधी माझे फोड पाहिले, मग लुगड्याचं टोक उलटलं. परटानं ओळखीसाठी तिथं बिब्याच्या रसाची काळी खूण केली होती. ती नेमकी कमरेला खोचली जायची.

"विहीणबाई, ह्या कशाच्या देवी? पोरीला ह्या खुनेचा बिबा उतलाय, त्याचेच फोड हैत! तेल आना."

"देवीच्या घरात तेल?" आईनं दाराच्या डहाळ्याकडे पाहून पुन्हा हात जोडले.

"आवो, बिब्याचा रस तेलकट आसतो, पान्याला दाद देत न्हाई. तुमी पुसायलाव अन् तो पसरायलाय. आमी बिबे फोडायच्या आधी हाताला लय तेल चोळतो. रस तेलात विरघळतो, कातडीला चिकटत न्हाई."

आईनं भीतभीतच तिळाच्या तेलाची वाटी आणली. सासूनं लुगडं बदलायला लावलं, माझ्या अंगाला तेल लावलं, फडक्यानं टिपलं, रिठ्याच्या पाण्यानं धुतलं आणि पुन्हा तेलाचा हात फिरवला. आग निवत गेली. चुलीवर फोडणी तडतडली आणि घरात माणसं हसायला लागली.

"वण राहतील का हो?" मी कसंबसं विचारलं.

"राहिले तर राहू दे. मला सून पायजे, आरसा न्हाई."

मला इतकं भरून आलं की मी हमसून हमसून रडू लागले. तेलकट गालांवरून आसवं ओघळली. आई पुसायला धावली, तर सासूनं तिचा हात धरला.

"रडू द्या तिला. पान्यानं काई तेल निघत न्हाई."