हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. मी स्पष्ट नको म्हटलेलं असताना, कळसाडीजवळच्या तात्पुरत्या धावपट्टीवर, माझी उडी टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या काचेला कुंकू लावण्यात आलं. तुम्हीही अशा उडीचा बेत करत असाल, तर सगळं सुरुवातीपासून वाचा.

जाहिरात डिसेंबरात पाहिली. हिवाळ्यापुरतं शिबिर, प्रशिक्षकाच्या पट्ट्यांना बांधून विमानातून उडी, डॉक्टरांचा दाखला आवश्यक. मी सहासष्ट वर्षांची, टेलिफोन खात्यातून निवृत्त, नंदुरबारला राहते. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. अर्जात ‘सोबत येणारी व्यक्ती’ असा रकाना होता. तो कोरा ठेवला आणि खाली ‘स्वतंत्र कॅमेरामन हवा’ यावर खूण केली. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि बरेच पडतात. पण खाली उभं राहून बघणारं कोणी नसलं, तर वर तरी असावं.

नंदुरबारहून सकाळची पहिली एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. प्रकाशाच्या पुलावर तापी ओलांडली की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि गाडी त्यांच्यामागे रखडते, तेव्हा शहाद्यापर्यंत दीड तास धरा. नाश्ता हलका करा. शहाद्याहून पुढे रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघून विचारलं, “मावशी, या उमरमा उडी? घरना काय म्हणतस?”

“घरमा मी एकलीच शे,” मी म्हटलं. त्यानंतर तो खड्डे चुकवत फार सांभाळून गाडी चालवत राहिला.

शिबिरावर वजन झालं, सह्या झाल्या, आणि माझा नंबर अकरा वाजताचा निघाला. बाकीच्यांबरोबर गोतावळा होता, डबे होते, सतरंज्या होत्या. मी खुर्ची उचलून कॅमेरामनशेजारी नेली. तिशीतला, सुरतेचा मराठी माणूस, कॅमेरा कोरा करकरीत. तो हेल्मेटच्या माथ्यावर कसा बसवतात हे बघण्यासारखं असतं. पट्ट्याचं टोक लोंबकळत राहिलं तर पॅराशूटची दोरी त्यात अडकू शकते, म्हणून त्याने प्रत्येक टोक कापून चिकटपट्टीखाली दाबलं. दोरी अडकलीच, तर हेल्मेट झटक्यात सोडायची कळ हनुवटीपाशी असते, ती चार वेळा ओढून पाहिली. मग डोळ्यासमोर एक छोटं गोल कडं बसवलं. दूरच्या विजेच्या खांबाकडे बघत त्याने कॅमेरा किंचित तिरपा केला, पुन्हा सरळ केला. कड्यात दिसेल तेच चित्रात येणार, कारण पडताना कॅमेऱ्याच्या पडद्यात बघायला फुरसत नसते. अर्धा तास त्याने मला एकेक गोष्ट न कंटाळता समजावली. अलीकडे इतका वेळ माझ्याशी कोणी बोललेलं नाही.

तेवढ्यात धावपट्टीच्या जमिनीचे मालक आले. नवी वस्तू आहे, पूजा केल्याशिवाय वर न्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सूनबाईंनी ताट आणलं, वयाचा मान म्हणून आधी माझ्यापुढे धरलं, मग त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली.

“ऱ्हाऊ द्या मावशी. सवाशीणनं काम शे.”

ताट पुढे गेलं. मी खुर्ची मागे घेतली. हा राग मी गिळला असं लिहिणार होते, पण गिळलेला नाही. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी एक चांगली सवय लावली: अपमान झाला तरी मुद्दा सोडायचा नाही. मी कॅमेरामनला म्हटलं, काचेला लावू देऊ नका. तो हसला. “पुसून घेतो, काकू.” ओलं कुंकू काचेच्या बरोबर मध्यभागी लागलं, नारळाचं पाणी उडालं, आणि त्याने ते रुमालाने फरफटत पुसलं. दोऱ्यांसाठी चार वेळा कळ ओढणाऱ्या या माणसाने काचेसाठी एकदाही चाचणी घेतली नाही.

उडी सुंदर होती. उत्तरेला सातपुडा, खाली तापी आणि उसाचे चौकोन. दार उघडल्यावर थंडी दातांत शिरते. मग आम्ही पडलो आणि कॅमेरामन हाताच्या अंतरावर, माझ्याकडे तोंड करून पडत राहिला. मी त्याच्याकडे बघून हात हलवले.

उतरल्यावर बाकीच्यांना मिठ्या मारायला माणसं धावली. माझे पट्टे प्रशिक्षकाने सोडले आणि तो पुढच्या नंबराकडे गेला. कॅमेरामनने मात्र छोट्या पडद्यावर चित्रण दाखवलं. सगळं लाल, गढूळ, माझ्या चेहऱ्याच्या जागी डाग. फक्त एकदा मी सरकून चित्राच्या स्वच्छ कोपऱ्यात आले होते. दोन सेकंद. तोंड उघडं, सगळे दात दिसताहेत, मी मोठ्याने हसते आहे. यजमान गेल्यापासून मी अशी हसले असेन, हे मला माहीत नव्हतं.

तो ओशाळला. साफ करून पाठवतो, म्हणाला. शहाद्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली, दोन्ही उत्तम. चारच्या एसटीने घरी आले, कुलूप काढलं, आणि कोणाला तरी सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं.

आठ दिवसांनी शिबिर चालवणाऱ्या कंपनीचा निरोप आला: चित्रण खराब असल्याने काढून टाकत आहोत, पुढच्या हिवाळ्यात एक उडी मोफत देऊ. सोबत विमान उडतानाची, संगीत लावलेली फीत.

आता कंपनीसाठी: मोफत उडी नको. लाल, गढूळ, आहे तसं पूर्ण चित्रण हवं, त्या दोन सेकंदांसकट. पुसलं असेल, तर कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते कळवा. उडीआधी काच तपासायची जबाबदारी कोणाची होती, तेही कळवा. फोन करू नका. फोनवर दिलेल्या शब्दाला या घरात माझ्याशिवाय साक्षीदार नाही. लेखी उत्तर, सहीनिशी, शुक्रवार ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत.